एकशे एकोणपन्नास की एकशे बावन्न

१

फायली हरवतात, त्याचं मला काही नाही. आमच्या मुख्य कचेरीत आठवड्याला दोन हरवतात आणि कुणालाच नको असलेल्या तीन सापडतात. पण ही फाईल दोन विमानतळांच्या मध्ये हरवली होती. म्हणजे हवेत. अठ्ठावीस मिनिटांच्या प्रवासात. आणि होती सहा किलोची.

"तुम्हीच जा," आमचे संचालक म्हणाले. "पाठ दुखते म्हणत होतात ना, तेवढाच हवापालट."

विमानात बसून पाठ बरी होते हे त्यांना कुठल्या डॉक्टरने सांगितलं, ते मी विचारलं नाही. सव्वीस वर्षं चौकशी अधिकारी म्हणून काढल्यावर वरच्यांना प्रश्न विचारायची सवय सुटते.

प्रकरण असं होतं. एक विमानतळ वर पठारावर, एक खाली खाडीच्या काठाला. दोन्हीकडे एकेक धावपट्टी आणि एकेक पत्र्याची शेड. मध्ये नऊ सीटचं एकच विमान, सकाळी वरून खाली, दुपारी खालून वर, रोज. आता नियम असा की अंतर दीडशे किलोमीटर किंवा जास्त भरलं तरच तो हवाई मार्ग; कमी भरलं तर लोकांनी गुमान बसने जावं. वरच्या साहेबांनी शेडच्या दारापासून शेडच्या दारापर्यंत मोजलं, ते भरलं एकशे एकोणपन्नास. खालच्या साहेबांनी धावपट्टीच्या पार पलीकडच्या टोकापासून टोकापर्यंत मोजलं, ते भरलं एकशे बावन्न. यावर अकरा वर्षं पत्रव्यवहार चालला होता आणि तो सगळा त्या एकाच फायलीत होता. नक्कल काढलेली नव्हती, कारण नकलेत दुसरा फेरफार करणार याची दोघांनाही खात्री. फोनवर मिटवायची सोय नव्हती, कारण दोघं एकमेकांशी बोलत नव्हते.

दोघं साडू होते.

तीन तारखेला फाईल वरून निघाली आणि खाली पोचली नाही. मी गेले तेव्हा अठरा तारीख होती. बावीसला सुनावणी. तोवर फाईल सापडली नाही, तर आवक-जावकचं टेबल सांभाळणाऱ्या काकांवर ठपका येणार होता. काका महिनाअखेर निवृत्त व्हायचे होते. एकतीस वर्षं झाली होती, बारा दिवस राहिले होते.

तक्रार वरच्या साहेबांनी केली होती. बसमध्ये ती वाचताना मला एक गोष्ट खटकली. तक्रार आठ पानांची होती, आणि त्यातली दोन पानं वाळूबद्दल होती.

२

"वाळूचं सांगतो ना," वरचे साहेब म्हणाले. त्यांनी मला बसायला सांगितलं नव्हतं, मी आपली बसले. "विमानाच्या शेपटीकडे वजन राहावं म्हणून आम्ही वाळूच्या गोण्या ठेवतो. दहा-दहा किलोच्या. भांडाराकडे नवी गोणी मागवली. आली किती किलोची? सहा. शिवून, लाख लावून, सहा किलो. वाळूत चोरी करणारी माणसं फाईल सोडतील का?"

मी म्हटलं, मी फायलीसाठी आलेय.

"तेच सांगतोय. इथं सगळा निष्काळजीपणा. तो काका, ते भांडार, आणि खाली बसलेला तो."

'तो' म्हणजे साडू. साहेबांच्या मते फाईल खालच्यांनीच गडप केली होती, कारण अंतर एकशे एकोणपन्नास आहे हे त्यांना मनातून पटलेलं होतं. मार्ग बंद झाला तर तुमचं काय, असं मी विचारलं. तेव्हा ते खिडकीबाहेर बघत म्हणाले की मग नाइलाजाने शहरात बदली घ्यावी लागेल. नाइलाज हा शब्द इतक्या आनंदाने म्हटलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

काकांचं टेबल शेडच्या दुसऱ्या कोपऱ्यात होतं. टेबलावर शाईची दौत, लाखेची कांडी आणि ती वही. मी खूप वह्या बघितल्यात, पण अशी नाही. एकतीस वर्षांत एक खाडाखोड नाही. तीन तारखेची नोंद मोत्यासारख्या अक्षरात: 'अंतराची फाईल. नग एक. वजन सहा किलो. रवाना.' पुढचा 'पोहोच' हा रकाना कोरा. त्याच्या आधीचा, नेणाऱ्याच्या सहीचा रकाना, तोही कोरा.

"इथं सही का नाही, काका?"

"ताई, फाईल एवढी फुगली होती की नेहमीच्या टपालाच्या थैलीत मावेना. म्हणून भांडारातून जाड खाकी कापडाची पिशवी आणली, तोंड शिवलं, लाख लावली, वजन केलं आणि विमानाकडे जाणाऱ्या गाड्यावर ठेवली. रोजच्यासारखी."

"मी सहीचं विचारतेय."

काकांनी वही आपल्याकडे ओढली आणि तिच्यावर हात ठेवला. "जे लिहिलंय तेवढंच मी बोलतो. जे लिहिलेलं नाही ते मी कधी बोललो नाही, आता बारा दिवसांसाठी कशाला बोलू?"

म्हणजे कुणीतरी ती पिशवी सही न करता नेली होती, काकांना तो माणूस माहीत होता, आणि काका त्याचं नाव घेणार नव्हते. नोकरी काकांची, मान काकांची, आणि माझ्यापासून लपवणारेही काकाच. मी कपाळावर हात मारला.

३

एकोणीस तारखेला सकाळी मी खाली जायला निघाले. विमान अठ्ठावीस मिनिटं उडतं. त्यासाठी दोन तास आधी यावं लागतं, कारण प्रत्येकाला काट्यावर उभं करून वजन घेतात आणि वजनाप्रमाणे बसवतात. काटेवाल्याने माझं वजन मोठ्याने वाचलं. शेडमधल्या सात अनोळखी माणसांना ते कळलं. मग त्याने मला शेवटच्या सीटवर नेऊन बसवलं.

"मला पुढे बसायचंय," मी म्हटलं. "पाठ दुखते."

"मॅडम, आजचा तोल तुमच्यावर आहे."

"मग गोण्या हलवा ना."

"गोण्या हलवायला दोन सह्या लागतात," तो म्हणाला. "माणसं हलवायला लागत नाहीत."

शेवटच्या सीटच्या मागे एक जाळी होती, जाळीला शिशाची मोहर होती, आणि जाळीमागे गोण्या. सीट जाळीला टेकलेली. विमान उडालं तसं काहीतरी कठीण माझ्या मणक्यात घुसलं. मी उजवीकडे सरकले, डावीकडे सरकले. विमानाच्या आवाजात शिव्या द्यायची एक सोय असते, ती मी पुरेपूर वापरली.

तेवढ्यात विमान कललं. एक गोल चक्कर घेतली आणि पुन्हा सरळ झालं. घड्याळ बघितलं. उतरलो तेव्हा एकतीस मिनिटं झाली होती.

तीन मिनिटं जास्त. आणि वैमानिकाच्या बाजूची छोटी काच उघडते, हे मी चढतानाच बघून ठेवलं होतं.

खाली उतरल्यावर मी कॅप्टनबाईंना गाठलं. पस्तिशीच्या, शांत. टपालाची थैली रोज त्याच नेतात, स्वतःच्या सीटखाली ठेवून. तीन तारखेला गाड्यावर थैली नव्हती, म्हणून आज टपाल नाही असं समजून त्या निघाल्या. नंतर बोंब झाली तेव्हा सगळं विमान तपासलं: सीटखाली, पंखात, इंजिनाच्या झाकणाखाली. फक्त जाळी उघडली नाही, कारण सह्या नव्हत्या, आणि तिथे काय, वाळूच.

"आणि ती तीन मिनिटं?" मी विचारलं. "रोज त्या चकरेत काय करता? काच उघडून काही टाकता?"

त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी हातातली टोपी फिरवली.

"आई एकटी असते. वाटेतच घर आहे. फोन ठेवत नाही, शेजारी कुणी नाही. मी वरून गेले की ती गच्चीवर येते आणि लाल टॉवेल हलवते. टॉवेल दिसला की मी निघते." मग हळू आवाजात म्हणाल्या, "एकदा दिसला नाही तेव्हा दोन चकरा मारल्या. ती अंघोळीला गेली होती. मॅडम, हे तुमच्या अहवालात गेलं तर माझं लायसन्स जाईल."

मी वही मिटली. माझ्याकडचा सगळ्यात चांगला संशयित गेला होता, तोही लाल टॉवेलात गुंडाळून.

४

खालचे साहेब मीटिंगमध्ये होते. मीटिंगमध्ये ते एकटेच होते, पण उद्या या म्हणाले. मी दुपारी वर आले, शेवटच्या सीटवर. वीस तारखेला परत खाली, शेवटच्या सीटवर.

"आमच्या साडूंचा स्वभाव तुम्हाला काय सांगायचा," खालचे साहेब म्हणाले. त्यांनी निदान खुर्ची दिली. "लग्नात आम्हा दोघांना शेजारी बसवलं, तेव्हा त्यांची खुर्ची माझ्यापेक्षा पुढे आहे का हे त्यांनी वीत लावून बघितलं. मोजायची आवड तेव्हापासूनच."

त्यांच्या मते फाईल वरून निघालीच नव्हती. एकशे बावन्नचा पुरावा भक्कम होता, म्हणून साडूंनीच तो जाळला. मी विचारलं, फायलीत तुम्हाला अडचणीचं काही होतं का? साहेबांनी पेल्यावरचं झाकण काढलं, परत ठेवलं. शेवटी कबूल केलं की पान चारशे बारावर त्यांनी साडूंबद्दल 'ज्यांना मोजपट्टीचं कुठलं टोक धरायचं तेही कळत नाही' असा शेरा मारला होता. सुनावणीत तो मोठ्याने वाचला जाणार. साहेबांच्या पत्नीला कळणार, तिच्या बहिणीला कळणार, आणि मग घरी जेवण वाढलं जाणार नाही.

"म्हणजे फाईल हरवली ते तुमच्या पथ्यावरच पडलं."

"पडलं," ते म्हणाले. "पण मी पाडलं नाही. आणि काकांचं नाव यात आलं ते मला बरं वाटत नाही. माझी पहिली नेमणूक वरच होती. पाकीट कसं बंद करायचं ते त्यांनी मला शिकवलं."

दोन साहेब. दोघांनाही फाईल नको होती. पण सहा किलोची वस्तू गुपचूप नाहीशी करायची तर अक्कल लागते, आणि या दोघांना पाकीट बंद करायचंही दुसऱ्याने शिकवावं लागलं होतं. माझ्या हाताशी काहीच राहिलं नव्हतं. सुनावणीला दोन दिवस उरले होते.

५

एकवीसला मी पुन्हा खाली-वर केलं, वजनाचे तक्ते घ्यायला. तक्त्यांची एक प्रत वर, एक खाली, आणि दोन्ही जुळतात का हे बघितल्याशिवाय कचेरी मला सोडणार नव्हती. दोन्ही जुळत होते. संध्याकाळी विश्रामगृहाच्या खोलीत पालथी पडून मी ते वाचत होते, तेव्हा आमच्या ह्यांचा फोन आला.

"किती वेळचं विमान म्हणालीस?"

"अठ्ठावीस मिनिटं."

"तेवढ्यात माझी दाढी होत नाही. आणि तू चार दिवस तिकडे?"

मी त्यांना सगळं सांगितलं. साडू, काका, आणि माझी पाठ. सहा वेळा तीच सीट, सहा वेळा मणक्यात तोच कोपरा.

"कसला कोपरा?"

"मागे वाळूच्या गोण्या आहेत हो."

"अगं, वाळूला कसला कोपरा? घराचं काम काढलं तेव्हा मी दोन महिने वाळूच्या पोत्यांवर बसून चहा प्यायलोय. आपण बसू तशी बसते बिचारी. तू कुंपणाच्या खांबाला टेकून बसली असशील. तुझं लक्ष नसतं कधी."

लक्ष नसतं म्हटल्यावर मी एरवी भांडले असते. पण मी तक्त्याकडे बघत होते. शेपटीकडची वाळू: एक तारखेला पन्नास किलो. दोन तारखेला पन्नास. तीन तारखेला सेहेचाळीस. आणि तेव्हापासून आजपर्यंत रोज सेहेचाळीस.

गोण्या दहा-दहा किलोच्या होत्या.

मी चपला घातल्या आणि काटेवाल्याचं घर गाठलं. तो नातवाला खांद्यावर थोपटत दारात उभा होता. मुलीच्या बाळंतपणासाठी दोन ते सात तारखेपर्यंत रजेवर होतो, म्हणाला. जायच्या आधी गोण्या किती होत्या? चार धड, एक फाटकी. फाटकी बदलायची परवानगी चार महिने अडकली होती. ती नेमकी तीन तारखेची आली, त्या एका दिवसापुरतीच. मग त्या दिवशी गोणी कुणी बदलली?

"वरच्या साहेबांनी स्वतः. दुसरं कुणी नव्हतंच. आल्यावर बघतो तर तक्त्यावर सेहेचाळीस. साहेबांचं अक्षर, मी कोण बदलणार? तेच रोज उतरवतो."

"आणि भांडारातून आलेली नवी गोणी? सहा किलोची?"

"सहाची कुठली, मॅडम? आठ तारखेला आली, चांगली दहा किलो भरली. काट्यापाशी तशीच पडलीय. जाळी कोण उघडणार?"

बाळ रडायला लागलं. मला मात्र चार दिवसांत पहिल्यांदा त्या विमानतळावर कुणीतरी मुद्द्याचं बोलल्यासारखं वाटलं.

६

बावीसला सकाळी सुनावणी शेडमध्ये होती; मी ती विमानापाशी नेली. खालचे साहेब आदल्या दुपारीच आले होते आणि बहिणीबहिणींच्या आग्रहामुळे त्यांना साडूंच्याच घरी मुक्काम करावा लागला होता. मीठ द्या, असं एकाने आपल्या बायकोला सांगायचं, तिने बहिणीला, बहिणीने नवऱ्याला, असं जेवण झालं म्हणे. काका वही छातीशी धरून मागे उभे होते.

मी जाळी उघडायचा अर्ज पुढे केला. दोन सह्या. वरचे म्हणाले, आधी त्यांनी करावी. खालचे म्हणाले, आधी यजमानांनी. मला हे ठाऊक होतं. मी दुसरी प्रत काढली आणि दोघांना एकेक दिली. दोघांनीही 'आधी' सही केली.

"साहेब," मी वरच्यांना विचारलं, "तीन तारखेला गोणी तुम्ही बदललीत?"

"बदलली. एका दिवसाची परवानगी, आणि काटेवाला गायब. फाटकी काढली, नवी घातली, वजन करून तक्ता भरला. दोष कामात नाही, वाळूत आहे."

"नवी गोणी कुठे मिळाली?"

"गाड्यावर होती. खाकी पिशवी, तोंड शिवलेलं, लाख लावलेली."

"भांडारवाले वाळूला लाख लावतात का कधी?"

साहेब जाळीकडे वळून बघायला लागले.

"भांडाराची गोणी आठ तारखेला आली," मी म्हटलं. "ती दहा किलोची आहे आणि काट्यापाशी पडलीय. मग तीन तारखेला गाड्यावर दुसरी काय वस्तू होती, त्याच खाकी कापडातली, सहा किलोची? ती काकांच्या वहीत आहे. वजनासकट. चार गोण्यांचे चाळीस आणि हिचे सहा, तुमच्याच अक्षरात सेहेचाळीस. आणि ही वाळू नाही हे माझ्या पाठीला पहिल्या दिवसापासून कळतंय. वाळूच्या गोणीला कोपरा नसतो."

काटेवाल्याने मोहर तोडली. चार गोण्या बाहेर आल्या, बसक्या, गोल. पाचवी पिशवी चौकोनी होती. उलटी केली तर खालच्या बाजूला काकांच्या अक्षरातला पत्ता.

मी काकांकडे वळले. "तुम्ही साहेबांना गाडा ढकलत नेताना बघितलंत."

"सही मागितली होती मी," काका म्हणाले. "साहेब म्हणाले, नंतर. मग बोंब झाली आणि मला वाटलं, साहेबांनी मुद्दाम ठेवली असेल कुठे. मोठ्या लोकांच्या भानगडी. माझ्या तोंडून कशाला?"

"मुद्दाम?" वरचे साहेब दुखावल्या आवाजात म्हणाले. "मी? मला माहीत असतं तर मी तक्रार केली असती का?"

ते खरं होतं. त्या माणसाने स्वतः फाईल विमानात घातली, स्वतः तिचं वजन लिहिलं, वजन कमी म्हणून स्वतःच भांडाराविरुद्ध दोन पानं तक्रार केली आणि फाईल गेली म्हणून काकांविरुद्ध सहा. खालचे साहेब धावपट्टीकडे तोंड करून उभे होते, पण त्यांचे खांदे हलत होते.

"तीन ते एकवीस, म्हणजे एकोणीस दिवस," मी म्हटलं. "रोज दोन खेपा. अडतीस वेळा ही फाईल दोघांच्या विमानतळांवर आली आणि गेली. त्यातल्या सहा खेपा तर मी हिला टेकून बसले होते."

"म्हणजे पाच हजार सहाशे बासष्ट किलोमीटर," वरचे साहेब म्हणाले. हिशोब तोंडपाठ.

"पाच हजार सातशे शहात्तर," खालचे साहेब म्हणाले.

अकरा वर्षांत ते पहिल्यांदा एकमेकांशी थेट बोलत होते, आणि मी ते थांबवायला हवं होतं. मी अहवालाचं शेवटचं पान वाचून दाखवलं. काकांवरचा ठपका रद्द. त्यांची नोंद शब्दशः बरोबर: फाईल रवाना झाली होती आणि पोचली नव्हती. अंतराबाबत शिफारस अशी, की विमान प्रत्यक्ष जेवढं उडतं तेवढं धरावं, आणि ते एकशे साठच्या आसपास भरतं.

"एकशे साठ?" दोघं साडू एकदम म्हणाले. "कसं काय?"

"वाऱ्यामुळे," मी म्हटलं. कॅप्टनबाई विमानाचं चाक तपासत होत्या. चाकात एवढं बघण्यासारखं काही नव्हतं.

दोघांनी मिळून माझ्याविरुद्ध तक्रार करायचं तिथेच ठरवलं. वरचे सांगत होते, खालचे सुचवत होते. ती अंतराच्या फायलीतच लावता येईल, यावरही दोघांचं एकमत झालं.

फाईल खाली पाठवायची होतीच. काकांनी पिशवी उचलली, गाड्यावर ठेवली नाही. एकतीस वर्षं टपाल पाठवलं आणि स्वतः कधी गेलो नाही, म्हणाले, साहेब परवानगी देतील तर. साहेबांनी त्या क्षणी कुठलीही परवानगी दिली असती.

काका काट्यावर उभे राहिले. काटेवाल्याने वाचलं: "काका अठ्ठावन्न. फाईल सहा." आणि त्यांना शेवटच्या सीटवर न्यायला लागला. मी म्हटलं, ती माझी जागा आहे, त्यांना खिडकी द्या.

विमानाने चक्कर घेतली तेव्हा काकांनी काचेला नाक लावलं. "ताई, खाली गच्चीवर कुणीतरी लाल फडकं हलवतंय. आपल्यासाठी का?"

मी म्हटलं, हो.

त्यांनी पिशवी मांडीवर सांभाळून एक हात वर केला. मग वही काढली, तीन तारखेचं पान उघडलं आणि नेणाऱ्याच्या रकान्यात, एकोणीस दिवस कोऱ्या राहिलेल्या जागेत, स्वतःची सही केली. 'पोहोच'च्या रकान्यावर पेन टेकवून ते घड्याळ बघत बसले, अजून पोचलो नव्हतो म्हणून.